विश्रामबागेंतील पाठशाळा : तिचीं विलीनीकरणें व तिची परंपरा

१

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील सरकारी हस्तलिखितसंग्रहाच्या याद्या ज्यांनीं चाळल्या असतील, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. त्या संग्रहांतील बहुतेक पोथ्यांच्या क्रमांकापुढें संग्रहाचें साल लिहिलेलें असतें. १८७५-७६ चा संग्रह म्हटला म्हणजे ब्यूलरसाहेबांनीं काश्मीरच्या प्रवासांत मिळविलेल्या पोथ्या, हें अभ्यासकास सांगावें लागत नाहीं. परंतु कांहीं पोथ्यांपुढें सालाऐवजीं 'विश्राम' एवढाच शब्द व त्यापुढें एक किंवा दोन हा अंक असतो. हेच ते विश्रामबाग संग्रह होत. तुळशीबागेनजीकच्या ज्या वाड्याचें नांव या पोथ्यांस चिकटलें आहे, त्या वाड्यांत इ. स. १८२१ मध्यें इंग्रज सरकारनें एक संस्कृत पाठशाळा घातली होती. ती त्या वाड्यांतून गेली त्यास दीड शतक लोटलें. तिचें मूळ नांव गेलें, तिच्या वंशांतील महाविद्यालय एकदां बंदहि पडलें. पोथ्यांवरील नांव मात्र राहिलें.

या पाठशाळेचीं स्थित्यंतरें थोडक्यांत सांगून त्यांवरून एक विचार संशोधकांपुढें व संग्राहकांपुढें मांडावा, एवढाच आमचा या लेखाचा हेतु आहे. सरकारी पैशावर चालणारीं जुनीं विद्यालयें खर्चाच्या किंवा सोयीच्या दृष्टीनें एकत्र करावीं, त्यांचा अभ्यासक्रम बदलावा, कांहीं बंद करावीं, हा प्रश्न आजचा नाहीं. पुण्यांत तो १८३७, १८५१ व १९३४ अशा तीन वेळीं उपस्थित झाला. तिन्ही वेळीं परंपरा राखूं असें म्हणणारे होते व खर्च आवरूं असें म्हणणारेहि होते. या तीन प्रसंगांत काय टिकलें व काय गेलें याचा मेळ घालून पाहतां आमचें मत असें झालें आहे कीं, ज्या वस्तूच्या नांवें स्वतंत्र निधि, स्वतंत्र नेमणूक किंवा स्वतंत्र यादी होती ती वस्तु फेरफारांतून टिकली. जी केवळ सर्वांच्या आदरावर विसंबून होती ती गेली, आणि ती कधीं गेली हें कोणास कळलेंहि नाहीं.

२

पाठशाळेचें मूळ श्रावणमासच्या दक्षिणेंत आहे. विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याचा हा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं पाडला. १७३१ मध्यें डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर तो पेशव्यांकडे आला व दक्षिणेचें ठिकाण पुणें झालें. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण जमत. दक्षिणेंत दानधर्माचा भाग मोठा होता. तथापि शास्त्र्यांची परीक्षा घेऊन योग्यतेप्रमाणें रक्कम देण्याचीहि वहिवाट होती, व त्या भागापुरती ती विद्येची सनदच होती.

१८१८ मध्यें राज्य गेलें. एल्फिन्स्टनसाहेबांनीं दक्षिणा एकदम बंद न करतां ती वर्षास ५० हजार रुपयांवर आणली. त्यांचे उत्तराधिकारी दक्षिणचे कमिशनर चॅपलिन यांनीं ६ आक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत 'हिंदु कॉलेज' स्थापन केलें. राज्यक्रांतीनें ज्यांची वृत्ति गेली त्या विद्वद्वर्गाचा ओढा नव्या सरकारकडे राहावा आणि संस्कृत विद्याहि नष्ट होऊं नये, असा दुहेरी हेतु त्यांत होता. वर्षाचा खर्च सुमारें १५,२५० रुपये धरला होता. १०० विद्यार्थी व १० वर्ग अशी योजना होती. वेद, धर्मशास्त्र, न्याय, व्याकरण, अलंकार, वेदान्त, वैद्यक इत्यादि विषयांस निरनिराळे शास्त्री नेमले होते.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. या पाठशाळेकडे परंपरेचा ठेवा म्हणून पाहण्याची आपणांस संवय आहे. परंतु तिचा जन्मच एका काटकसरींतून झाला आहे. मोठी दक्षिणा कमी केली व कमी केलेल्या दक्षिणेच्या निधींतून पाठशाळा उभी राहिली. पेशवाईंत शास्त्री आपल्या घरीं विद्यार्थी ठेवून पढवीत. त्यांस एका वाड्यांत आणून वर्ग, वेळ व वेतन यांच्या चौकटींत बसविणें ही नवीनच रीत होती. तात्पर्य, जी परंपरा राखावयाची असें पुढें म्हटलें गेलें, ती स्वतः एका सुधारणेचें फळ होती. हें मनांत ठेवलें म्हणजे पुढील फेरफारांचा विचार करतांना विनाकारण अश्रु ढाळण्याचा किंवा विनाकारण टाळ्या पिटण्याचा मोह आवरतां येतो.

३

पहिला प्रसंग १८३७ चा. एल्फिन्स्टनसाहेबांचें शिक्षणविषयक टिपण १८२३ च्या डिसेंबरांतलें आहे. नव्या उपयुक्त विद्या हळूहळू आंत आणाव्या, परंतु देशी विद्येचा भाग अजिबात टाकूं नये, असा त्यांचा कल होता. पुढें दहाबारा वर्षांत वारें फिरलें. १८३२ मध्यें पुण्यांत सरकारी इंग्रजी शाळा निघाली. १८३५ मध्यें कलकत्त्यास मेकॉलेसाहेबांचें टिपण व बेंटिंकसाहेबांचा ठराव झाला. विश्रामबागेंतील पाठशाळेवर होणारा खर्च सार्थकीं लागतो कीं नाहीं, ती ठेवावी कीं मोडावी, असा प्रश्न मुंबई सरकारापुढेंहि आला.

पाठशाळा मोडली नाहीं, सुधारली. १८३७ मध्यें जुन्या विद्येच्या कांहीं शाखा अभ्यासक्रमांतून गाळण्यांत आल्या, मराठी व इंग्रजी यांचा प्रवेश झाला, आणि पाठशाळा सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस खुली केली. देखरेखीवर मेजर कँडी आले. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी कोशाच्या कामांतील त्यांचा वांटा वाचकांस ठाऊक आहेच.

या सुधारणेचा हिशेब दोन्ही बाजूंनीं मांडला पाहिजे. सर्व जातींस दार उघडलें हा निःसंशय लाभ होता. दक्षिणा एकाच वर्णाची आणि पाठशाळाहि एकाच वर्णाची, ही स्थिति सरकारी खजिन्यांतून चालणाऱ्या संस्थेस शोभणारी नव्हती. ज्यांस हा वारसा एकाच घरचा वाटतो, त्यांनीं तो कोणाच्या पैशानें चालला होता हेंहि ध्यानीं घ्यावें. मराठीस पाठशाळेंत जागा मिळाली हा दुसरा लाभ. मराठी गद्याचे आरंभींचे समर्थ लेखक ज्या मंडळींतून निघाले, त्यांतील कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी.

हानीची बाजू पाहतां, शाखा गाळणें म्हणजे एका शास्त्र्याची जागा कमी करणें. जागा कमी झाली कीं त्याच्यापाशीं शिकणारे विद्यार्थी दुसऱ्या विषयाकडे जातात, त्यानें मुखानें चालविलेली पाठाची रीत तेथेंच थांबते, व त्याच्या घरच्या पोथ्या वांटणींत जातात. खर्चाच्या वहींत एक वेतन कमी झाल्याची नोंद होते. पाठ थांबल्याची नोंद करण्यास वहींत रकानाच नसतो. विश्रामबागेंतील पाठशाळेच्या शास्त्र्यांनीं कोणते ग्रंथ कोणत्या क्रमानें व कोणत्या टीकेसह पढविले याची सविस्तर यादी ती शाखा गाळण्यापूर्वीं करून ठेविली असती, तर तिचें मोल आज आपणांस कोणत्याहि सनदेहून कमी वाटलें नसतें.

४

दुसरा प्रसंग १८५१ चा. त्याची पूर्वपीठिका दक्षिणेंतच आहे. दक्षिणेचे नवे अधिकारी घेणें सरकारनें पुढें बंद केलें. जुने अधिकारी जसजसे वारत, तसतशी वांचलेली रक्कम शिक्षणाकडे वळवावी असें धोरण ठरलें. १८४९ मध्यें लोकहितवादी गोपाळराव देशमुख प्रभृति तरुण मंडळींनीं, दक्षिणेंतील कांहीं रक्कम मराठी ग्रंथांस बक्षिसें देण्याकडे लावावी, असा अर्ज सरकारांत केला. पुण्याच्या जुन्या ब्राह्मणसमाजांत त्यावरून मोठी खळबळ उडाली. धर्माचा पैसा परकामीं जातो, असें एका पक्षाचें म्हणणें. विद्येचा पैसा विद्येसच लागतो, असें दुसऱ्याचें. यांतूनच पुढें दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली.

याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शिक्षणमंडळांत भाषेचा वाद चालला होता. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें या मताचे. जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्विस हे देशी भाषांचे कैवारी. अशा काळांत एकाच गांवांत, सरकारच्याच पैशानें, विश्रामबागेंत संस्कृत पाठशाळा व तिच्याशिवाय निराळी इंग्रजी शाळा चालावी, दोहोंचा कारभार वेगळा असावा, ही गोष्ट कारभाऱ्यांस खटकली तर तें स्वाभाविक होतें. ७ जून १८५१ रोजीं दोन्ही संस्था एकत्र करून 'पूना कॉलेज' स्थापन झालें. मेजर कँडी हेच त्याचे मुख्य झाले. संस्कृत हा आतां एका मोठ्या विद्यालयाचा एक विभाग राहिला.

या विलीनीकरणानें परंपरा बुडाली असें सरसकट म्हणतां येत नाहीं, व तसें म्हणणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. दक्षिणेच्या निधीचें नांव व हेतु कागदोपत्रीं कायम राहिला, म्हणून तो सामान्य खर्चांत विरघळून गेला नाहीं. त्यांतून मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळालीं. त्यांतूनच दक्षिणा फेलो नेमण्याची पद्धति निघाली. न्यायमूर्ति रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत इंग्रजी पद्धतीनें शिकलेल्या भांडारकरांस पुण्याच्या शास्त्र्यांपाशीं संस्कृत शास्त्रांचें अध्ययन करण्यास याच निधीनें फुरसत दिली. तळेगांवच्या दाभाड्यांनीं घातलेल्या दानाची धार अशी भांडारकरांपर्यंत येऊन पोहोंचली. निधीस नांव नसतें, तर ती वाटेंतच आटली असती.

त्याचप्रमाणें संस्कृताची स्वतंत्र अध्यापकाची जागा राहिली, तिचाहि परिणाम झाला. १८५९ पासून १८६६ पर्यंत डॉ. मार्टिन हौग पुण्यास संस्कृताचे अध्यापक होते. त्यांनीं १८६३ मध्यें ऐतरेय ब्राह्मण प्रसिद्ध केलें. यज्ञविधीचा अर्थ केवळ कोशावरून लागत नाहीं हें ओळखून त्यांनीं प्रत्यक्ष श्रौतकर्म जाणणाऱ्या ब्राह्मणांकडून तो समजावून घेतला. युरोपांत बसून जें साधलें नसतें तें पुण्यांत साधलें, कारण येथें तें कर्म जाणणारे लोक अद्याप हयात होते.

५

१८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच साली पूना कॉलेजांतील शाळेचा भाग निराळा काढण्यांत आला. कॉलेजास नवी इमारत हवी होती. जमशेटजी जीजीभाई घराण्यानें त्यासाठीं एक लाख रुपयांची देणगी दिली. १५ आक्टोबर १८६४ रोजीं सर बार्टल फ्रियर यांनीं येरवड्याच्या बाजूस कोनशिला बसविली. कॅप्टन विल्किन्स यांनीं इमारतीचा आराखडा केला. २३ मार्च १८६८ पासून तेथें वर्ग भरूं लागले व 'डेक्कन कॉलेज' हें नांव रूढ झालें. विश्रामबागेंत पुढें सरकारी हायस्कूल भरत असे. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाडा आगींत नष्ट झाला, तेव्हां विश्रामबागेच्याहि कांहीं भागास झळ पोहोंचली.

नदीपलीकडच्या या नव्या घरांत जुन्या पाठशाळेचें काय राहिलें? दोन गोष्टी राहिल्या. पहिली, शास्त्र्यांच्या जागा. डॉ. फ्रांझ कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत येथें संस्कृताचे अध्यापक होते. १८६८ मध्यें निघालेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत त्यांनीं नागोजीभट्टाचा परिभाषेंदुशेखर व पुढें पतंजलीचें महाभाष्य तीन भागांत प्रसिद्ध केलें. पाणिनीय व्याकरणाची परंपरागत उपपत्ति त्यांनीं अनंतशास्त्री पेंढरकर यांच्यासारख्या शास्त्र्यांपासून समजून घेतली. वामनाचार्य झळकीकर डेक्कन कॉलेजांतच शास्त्री होते. काव्यप्रकाशावरील त्यांची बालबोधिनी टीका १८८९ मध्यें निघाली व अद्यापहि अलंकाराच्या अभ्यासकांस तिच्याविना चालत नाहीं. शास्त्र्याचें वेतन अध्यापकाच्या मानानें अल्प असे. परंतु जागा होती म्हणून माणूस होतें, आणि माणूस होतें म्हणून ग्रंथ झाला.

दुसरी गोष्ट पोथ्यांची. १८६६ मध्यें मुंबई सरकारनें ब्यूलरसाहेबांकडे हस्तलिखितें जमविण्याचें काम दिलें. १८६८ मध्यें हिंदुस्थान सरकारनें त्यास व्यापक रूप दिलें. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन, काथवटे, घाटे अशा पिढ्यांनीं तें काम चालविलें. संग्रह डेक्कन कॉलेजांत ठेवला गेला. सालवार संग्रह, त्यांचे प्रतिवृत्तांत व याद्या यांमुळें प्रत्येक पोथी कोठून व केव्हां आली हें सांगतां येऊं लागलें. १९१७ मध्यें भांडारकर संशोधन मंदिर स्थापन झालें व १९१८ मध्यें सरकारनें १७ हजारांवर हस्तलिखितांचा हा सर्व ठेवा त्याच्या स्वाधीन केला. हेंहि एक प्रकारचें स्थलांतरच होतें. परंतु याद्या सिद्ध असल्यामुळें गाड्यांत भरतांना काय भरलें व उतरतांना काय उतरलें हें ताडून पाहतां येत होतें. विश्रामबागेचें नांव आपणांस आज दिसतें तें त्या याद्यांच्या कृपेनें.

६

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण. ज्या कॉलेजांत टिळक, आगरकर व आपल्या क्षेत्रापुरतें बोलावयाचें तर इतिहासाचार्य राजवाडे शिकले, तें डेक्कन कॉलेज सरकारनें १९३४ मध्यें काटकसरीच्या सबबीवर बंद केलें. जगभरच्या आर्थिक मंदीचा तो काळ. पुण्यांत दुसरीं खासगी महाविद्यालयें चालत होतीं. मग सरकारी पैशानें आणखी एक कशास, असा युक्तिवाद होता. हिशेबाच्या दृष्टीनें तो खोटा म्हणतां येणार नाहीं.

माजी विद्यार्थ्यांच्या संघानें हा निर्णय निमूटपणें घेतला नाहीं. त्यांच्या बाजूस भावना पुष्कळ होती. परंतु नुसत्या भावनेवर सरकारचा निर्णय फिरत नसतो. त्यांच्या हातीं जें शस्त्र होतें तें सत्तर वर्षांपूर्वींच्या देणगीचें. जीजीभाई घराण्याचा पैसा ज्या हेतूनें दिला व घेतला गेला, तो हेतु मोडून ती वास्तु व जागा सरकारास मन मानेल तशी वापरतां येत नाहीं, सरकार येथें मालक नसून विश्वस्त आहे, असा दावा न्यायालयांत लढविण्यांत आला. बॅरिस्टर जयकर व नरसोपंत केळकर यांच्यासारखे वजनदार लोक या खटपटींत होते. त्या सर्वांची परिणति म्हणून १७ आगस्ट १९३९ रोजीं डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेच्या रूपानें पुन्हां उघडलें.

परत आलें तें जुनें कॉलेज नव्हे. पदवीपूर्व वर्ग आले नाहींत. त्यांतील सामान्य विद्यार्थ्याची सोय गेली ती गेलीच. परंतु विश्रामबागेच्या मूळ हेतूशीं नवी संस्था अधिक जवळची निघाली. डॉ. कत्रे यांनीं भाषाशास्त्र, डॉ. सांकलिया यांनीं पुरातत्त्व, इरावतीबाई कर्वे यांनीं समाजशास्त्र व त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनीं मराठ्यांचा इतिहास या विषयांचीं कामें तेथें उभीं केलीं. सातारच्या ऐतिहासिक संग्रहालयांतील रावबहादुर पारसनीस यांचा कागदपत्रांचा व चित्रांचा संग्रहहि १९३९ मध्यें तेथें आला. १९४८ मध्यें ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचें काम सुरू झालें व १९७६ पासून त्याचे भाग निघूं लागले. १९९० मध्यें संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जर देणगीचा कागद नसता, तर १९३४ नंतर त्या जागेवर काय उभें राहिलें असतें याचा तर्क प्रत्येकानें आपापल्या मनाशीं करावा.

७

पुण्याची गोष्ट एकाकी नाहीं हें दाखविण्यासाठीं काशी व कलकत्ता यांचा थोडा उल्लेख करूं. काशीची संस्कृत पाठशाळा जोनाथन डंकन यांनीं १७९१ मध्यें स्थापिली. तेथेंहि पुढें इंग्रजी विद्यालय जोडलें गेलें व १८५३ च्या सुमारास डॉ. बॅलंटाइन यांच्या कारकीर्दींत दोन्ही विभाग क्वीन्स कॉलेजच्या नव्या इमारतींत आले. परंतु काशीस संस्कृत विभागाचे पंडित, त्याची पाठपद्धति व मागाहून त्याच्या स्वतःच्या परीक्षा स्वतंत्र राहिल्या. त्यामुळें तो विभाग पुन्हां वेगळा होऊं शकला. १९५८ मध्यें त्याचेंच संस्कृत विश्वविद्यालय झालें, व सरस्वतीभवनांतील पोथ्यांचा अफाट संग्रह त्याच्याच हातीं राहिला.

कलकत्त्याचें संस्कृत कॉलेज १८२४ चें. १८३५ च्या ठरावानें त्याच्या नव्या विद्यार्थिवेतनांवर घाला आला, तरी संस्था उरली. १८५१ मध्यें ईश्वरचंद्र विद्यासागर तिचे मुख्य झाले. त्यांनीं ब्राह्मण-वैद्यांपुरतें असलेलें दार कायस्थांस व पुढें इतरांसहि उघडलें, व्याकरणाचा अभ्यास सोपा केला, इंग्रजीस वाव दिला. पण संस्था दुसरींत मिसळूं दिली नाहीं. ती २०१६ मध्यें विद्यापीठ झाली.

तिन्ही ठिकाणीं सुधारणा झाली, तिन्ही ठिकाणीं इंग्रजी आली. भेद एवढाच कीं, काशीस मिसळलेल्या संस्थेंतहि जुन्या विभागाची शीव आंखलेली राहिली, कलकत्त्यास आंतल्याच पंडितानें सुधारणा केली, आणि पुण्यास शाखांमागून शाखा सामान्य अभ्यासक्रमांत मिसळत गेल्या. पुण्याचें नशीब एवढेंच कीं दक्षिणेचा निधि, शास्त्र्यांच्या जागा, पोथ्यांच्या याद्या व देणगीचा कागद हे चार खुंट शिल्लक राहिले.

८

आतां हा विषय आजच काढण्याचें कारण. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें एकाच विषयाचीं लहान विद्यालयें कमी करून मोठ्या बहुविषयक संस्था कराव्या असा रोख धरला आहे. त्यापूर्वींच, २०१९ मध्यें, मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेज, सिडनहॅम कॉलेज, सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज व इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या चार सरकारी संस्थांचें मिळून होमी भाभा राज्य विद्यापीठ झालें. असे प्रसंग पुढेंहि येतील. ते सर्व वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. विश्रामबागेचा इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. खजिना रिकामा असतां जुन्या वास्तूंचीं छपरें गळूं द्यावीं, शिक्षकांच्या जागा भरूं नयेत, आणि तरीहि नांव कायम आहे म्हणून समाधान मानावें, याहून दोन संस्था प्रामाणिकपणें एक करणें पुष्कळदां बरें.

परंतु एक करण्यापूर्वीं तीन कामें झालीं पाहिजेत. संस्थेच्या नांवें आलेला प्रत्येक निधि व प्रत्येक देणगी, दात्याच्या हेतूसह, नव्या संस्थेच्या दप्तरांत स्वतंत्र रकान्यांत नोंदली जावी. जी विद्या अन्यत्र शिकविली जात नाहीं, तिची निदान एक जागा नेमणुकीच्या यादींत नांवानें कायम राहावी. आणि ग्रंथ, पोथ्या, उपकरणें, हजेरीपट, प्रश्नपत्रिका व जुनीं प्रतिवृत्तें यांची यादी हलविण्याच्या आदल्या दिवशीं नव्हे, निर्णय होण्याच्या आधीं तयार व्हावी. या तिन्ही कामांस खर्च थोडा लागतो. १८३७ च्या फेरफारांत गाळलेल्या शाखांच्या वांट्यास असें कांहीं आलें नाहीं, म्हणून त्यांचें आज नांवच तेवढें उरलें आहे.

यांतील तिसरें काम मुख्यतः आपलें, म्हणजे संग्राहकांचें व संशोधकांचें आहे. सरकारी दप्तरांत संस्थेचा जमाखर्च सांपडतो. तिचा पाठ सांपडतो तो शास्त्र्यांच्या घरीं. पुणें, वाई, सातारा, नाशिक, कोंकण येथील कित्येक घरांत आजहि जुन्या रुमालांतून विद्यार्थिदशेंतील पाठाच्या वह्या, दक्षिणेच्या परीक्षेचे चिटोरे, ग्रंथ नकलून घेतल्याच्या मजुरीचीं टिपणें, गुरूनें शिष्यास दिलेलीं पत्रें पडलेलीं असतात. संग्राहक सुबक अक्षराची, सालाच्या पुष्पिकेची पोथी आधीं उचलतो व असे चिटोरे बाजूस सारतो. आमच्याहि हातून पूर्वीं असें घडलें आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. विश्रामबागेंत काय पढविलें जात होतें हें कळण्याची वाट त्या चिटोऱ्यांतूनच जाते.

ज्यांच्यापाशीं दक्षिणेच्या परीक्षेचे, विश्रामबागेंतील पाठशाळेचे किंवा पूना कॉलेजांतील शास्त्र्यांच्या अध्यापनाचे असे कागद असतील, त्यांनीं ते कितीहि फाटके असले तरी मंडळाकडे पाठवावे, किंवा मूळ द्यावयाचे नसल्यास त्यांची नक्कल करूं द्यावी. ज्याचे कागद त्याच्या नांवानेंच ते स्वतंत्र संग्रह म्हणून यादींत नोंदले जातील.